वन्संनी माझी कामं पुरी केली

क्षयातून उठलेल्या माणसानं काय लिहायचं याची एक रीत पडून गेली आहे. देवाचे उपकार मानायचे, डॉक्टरांचे मानायचे, घरच्यांनी किती केलं ते सांगायचं आणि शेवटी मन शांत ठेवा म्हणून उपदेश करायचा. डॉक्टरांचे उपकार मी मानते. बाकीचं मला जमायचं नाही. चौदा महिन्यांत माझं मन एक दिवस शांत नव्हतं, तरी मी बरी झाले. रागानं बरी झाले असं म्हटलं तर आमच्या डॉक्टरीणबाई हसतील, पण त्यांनी कुठे माझी नणंद पाहिली आहे?

ज्यांची भांडी घरात वेगळी मांडली गेली आहेत त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. त्यातही बायकांसाठी. पुरुषाला हा आजार झाला की घर हवालदिल होतं. बाईला झाला की घर पुढची तजवीज करायला लागतं. हे आधी ठाऊक असलेलं बरं.

*

माझं सासर मिरजगाव. तिथल्याच मुलींच्या शाळेत मी शिकवत होते. आमचे हे कर्जतच्या कचेरीत कारकून, शनिवारी घरी यायचे आणि सोमवारी पहाटे जायचे. एरवी घरात मी आणि माझी थोरली नणंद, गोदावन्सं. वन्सं अकराव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परत आल्या आणि तेव्हापासून घर त्यांच्या हातात. यांची आई लवकर गेली, तेव्हा यांना वाढवलं तेही वन्संनीच. अंगावर लाल आलवण, कमरेला किल्ल्या आणि तोंडात माझी उणीदुणी. मला मूल झालं नाही हे पहिलं उणं. दुसरं म्हणजे मी आरंभशूर.

हे दुसरं खोटं नव्हतं. माझी पत्र्याची ट्रंक, खुंटी आणि फळी मिळून बारा कामं अर्धी पडलेली होती. यांचा स्वेटर एका बाहीवाचून लटकत होता. मण्यांचं तोरण 'सुस्वा' इथे थांबलं होतं. गोधडीचा वरचा पदर जोडून झाला होता, टाके घालायचे होते. शेजारच्या गुरवांकडून पेटी आणली होती आणि तिच्यावर मला दीड राग येत होता. इंग्रजी मी सातव्या धड्यापर्यंत शिकले होते. परसात फुलझाडांचा वाफा तीन बाजूंनी विटांनी बांधलेला, चौथी बाजू उघडी. "हिचं घोडं नेहमी मधेच पेंड खातं," असं वन्सं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या. मी ऐकून घ्यायची आणि तेरावं काम काढायची.

ह्या सगळ्यात एकच काम माझ्या जिवाचं होतं. आमच्याकडच्या मुलींसाठी मी वाचनाचं पुस्तक लिहीत होते. सरकारी क्रमिक पुस्तकात रेल्वे होती, बंदर होतं, गारुडी होता. माझ्या मुलींनी रेल्वे पाहिलेली नव्हती. माझ्या वहीत जातं होतं, पोहरा होता, बाजारात हरवलेली शेळी होती. बावीस धडे झाले होते आणि तेविसावा चालू होता.

*

लढाई चालू होती तेव्हाची गोष्ट. पाढे म्हणून घेताना खोकल्याची उबळ आली आणि फळा पुसायच्या फडक्यावर रक्त दिसलं. मी फडकं मुठीत धरलं आणि सतराचा पाढा पुरा करून घेतला. आयुष्यात पुरी केलेली बहुधा तेवढीच एक गोष्ट.

कोळशाच्या धुरावर चालणारी सर्व्हिस मोटार तेव्हा नगरला पोचायला अर्धा दिवस घ्यायची. चढ आला की उतारूंनी उतरायचं आणि चालायचं. मी चाललेही. दवाखान्यात छातीचा फोटो काढला. डॉक्टरीणबाईंनी तो खिडकीच्या उजेडात धरला आणि माझ्याशी न बोलता ह्यांच्याशी बोलायला लागल्या. त्याच क्षणी मला कळलं. हे बाकावर बसून टोपी काढायचे, परत घालायचे, परत काढायचे. 'क्षय' हा शब्द कुणी उच्चारला नाही. 'हवा बदलायला हवी' एवढंच डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि हवा बदलायची म्हणजे त्याच दवाखान्याच्या मागच्या वॉर्डात खाट मिळेपर्यंत चार दिवस थांबायचं.

ते चार दिवस आम्ही घरी काढले. आम्ही पोचायच्या आधी बातमी पोचली होती. ओसरीवर एक ताट, एक तांब्या आणि एक वाटी वेगळी काढून ठेवलेली. वन्संनी दुरून पाणी ओतलं. वाईट वाटलं नाही असं मी म्हणणार नाही. लागणीचा आजार, भांडी वेगळी हवीतच, हे डॉक्टरांनीही सांगितलं होतं. पण डॉक्टरांनी तोंड फिरवून ओतायला सांगितलं नव्हतं.

सामान बांधताना वन्संनी विचारलं, "दोनच लुगडी? बाकीचं?"

"बाकीचं राहू दे. मी येणार आहे," मी म्हणाले.

"हो, हो," वन्सं म्हणाल्या. लहान मूल चंद्र मागतं तेव्हा त्याला जसं हो म्हणतात, तसं.

*

वॉर्डात बारा खाटा आणि पूर्वेला लांब व्हरांडा. सकाळी खाटा व्हरांड्यात ओढायच्या आणि ऊन चढलं की आत. सकाळी ताप बघायचा, चार वाजता परत बघायचा. झाकणाची थुंकदाणी उशाशी. दूध, माशाचं तेल आणि अंडं. अंडं पाहून पहिले दोन दिवस मी रडले, तिसऱ्या दिवशी नाक धरून गिळलं, महिन्यानं शेजारणीचंही मागायला लागले. आठवड्यातून एकदा बरगड्यांमधून सुई घालून हवा भरायचे, म्हणजे आजारी फुप्फुस दाबलं जाऊन स्वस्थ पडतं. दुखतं का? दुखतं. पण भीती वाटते तेवढं नाही. दुसरीकडे बघत राहावं आणि कुणाला तरी मनातल्या मनात शिव्या द्याव्या. मला त्याचा फार उपयोग झाला.

शेजारच्या खाटेवर काष्टीची पारूबाई होती. चांगल्या खात्यापित्या घरची शेतकरीण, चाळिशीची, खोकून खोकून काटकुळी झालेली, पण तोंड धड. पहिल्याच दिवशी तिनं मला नीट न्याहाळलं.

"बामनाच्या का?"

"हो."

"मंग तुमचं अंडं मला द्या. दोन दिस खायाचं न्हाई तुमी, तिसऱ्या दिसापासून देनार न्हाई."

तसंच झालं.

डॉक्टरीणबाईंचा हुकूम एकच होता: पडून राहा. सुई नको, पुस्तक नको, पेन्सिल नको, बोलणं जेमतेम. मी पडून राहिले, तरी चार वाजता ताप यायचाच. त्यांनी एकदा खाटेवर बसून विचारलं, "दिवसभर काय करता?"

"काही नाही."

"खरं सांगा."

"मनातल्या मनात बाही विणते," मी म्हणाले. "मग गोधडी. मग तेविसावा धडा. तो जमत नाही, म्हणून परत बाही."

त्यांना हसू आलं नाही. "आम्ही फुप्फुसाला कामावरून सुट्टी देतो आणि तुम्ही आतून त्याला जुंपता. टाकून द्या ते सगळं."

टाकून द्या म्हणे. माणूस नदीत बुडत असताना त्याला हातातली फळी टाकून दे म्हणावं, तसं मला वाटलं. घरी माझं अर्धं काही आहे म्हणून मी अजून त्या घरची आहे, अशी माझी समजूत होती.

*

तिसऱ्या महिन्यात हे भेटायला आले ते निरोप घेऊन. "तुझ्या वन्संनी विचारलंय, तुझं काही राहिलंय का? राहिलं असेल ते सांग म्हणाल्या. त्या करतील."

माझे डोळे भरून आले. इतक्या वर्षांत ह्या बाईनं मला 'जेवलीस का' म्हणून विचारलं नव्हतं. आजारानं का होईना, मऊ पडल्या बिचाऱ्या. मी स्वेटरची बाही सांगितली, तोरण सांगितलं. त्यांना माझा नमस्कार सांगा म्हणाले. हेही खुशीत गेले.

ह्यांची पाठ वळल्यावर पारूबाई कुशीवर झाली. "मास्तरीणबाई, रागावू नका. ह्ये मरनाऱ्याला इचारत्यात."

"काय?"

"आमच्यात बी हाय की. मानूस लई दिस आडकून पडलं म्हंजी इचारायचं, काय ऱ्हायलंय का तुजं. आमी करतू म्हनायचं. त्याबिगर जीव सुटत न्हाई. तुमच्यात न्हाई व्हय?"

आमच्यातही आहे. दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नाही की नातेवाईक हात जोडून उभे राहतात आणि मेलेल्याला वचनं देतात: मुलाचं शिक्षण करू, घर बांधू, तुझी इच्छा पुरी करू. अर्धवट राहिलेल्यात जीव अडकतो हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. फक्त माझ्याबद्दल ते कुणी म्हणेल हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. आणि मी वेडी नमस्कार पाठवून बसले होते.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पुढच्या खेपेला हे आले तेव्हा मी बाराच्या बारा कामं मोजून सांगितली, पेटीपासून वाफ्यापर्यंत. ह्यांनी ती पेन्सिलीनं पाकिटावर लिहून घेतली. माझा बेत असा होता: वन्संना माझा जीव मोकळा करायचा आहे ना? मग करा म्हणावं. दहा वर्षं पुरेल एवढं काम आहे. तोवर मी खाट अडवून बसते.

वन्संच्या हाताचा झपाटा मी विसरले होते.

*

पंधरा दिवसांत स्वेटर आला, दोन्ही बाह्यांचा. त्यांची बाही माझ्या बाहीशेजारी धरली तर माझी पोतेऱ्यासारखी दिसत होती. मग तोरण आलं, 'सुस्वागतम्' पुरं, शेवटी मण्यांचे दोन पोपट वाढवलेले. पेटी गुरवांना परत गेली. इंग्रजी पुस्तक शाळेत गेलं. वाफ्याची चौथी बाजू बांधून झाल्याचं ह्यांनी कौतुकानं सांगितलं. ह्यांना वाटायचं, मला बरं वाटेल. आमच्या ह्यांच्या साधेपणाला मी काय म्हणू? सरळ माणूस, पण सरळपणात एखाद्याचा गळा कापला गेला तरी ह्यांना ते दुसऱ्या दिवशी कळायचं.

इकडे वॉर्डभर बातमी झाली होती. दर खेपेला बायका माना उंचावून बघायच्या, आज काय पुरं होऊन आलं. पारूबाई बोटांवर मोजायची. "आता किती ऱ्हायली?" सहा. मग चार. मी शिकलेली बाई, शाळेत मुलींना भुताखेतांवर विश्वास ठेवू नका म्हणून सांगणारी, आणि एकेक वस्तू आली की मला खरोखर पायाखालून काहीतरी काढून घेतल्यासारखं वाटायचं. चारचा ताप चढत गेला. खोटं कशाला सांगू, मी घाबरले होते.

गोधडी आली त्या दिवशी ह्यांचा चेहरा वेगळाच होता. मी टाके बघत होते. एवढे बारीक, सारखे टाके मी जन्मात घातले नाहीत. ह्यांनी घसा साफ केला.

"तुझ्या वन्सं श्रीगोंद्याला जाऊन आल्या."

"कशाला?"

"एक पत्रिका आली आहे." मग घाईनं, "मी हो म्हटलेलं नाही."

"नाही म्हटलंत का?"

हे गोधडीचा कोपरा चाचपत राहिले.

तेव्हा मला सगळं दिसलं. तोरण माझ्यासाठी नव्हतं, दुसरीच्या स्वागताचं होतं. गोधडी तिच्या अंगावर पडायची होती. वन्सं माझा जीव मोकळा करत होत्या आणि त्याच टाक्यानं तिचा संसार शिवत होत्या. एका कामात दोन कामं, वन्संचं नेहमीचंच.

त्या रात्रीपासून मी विणकाम थांबवलं आणि शिक्षा ठरवायला घेतल्या. वन्संच्या किल्ल्या काढून घेईन. त्यांचं सोवळं माझ्या ओवळ्या हातानं दोरीवरून काढीन. ओसरीवर त्यांचं ताट वेगळं मांडीन आणि तोंड फिरवून पाणी ओतीन. रोज एक नवीन. डॉक्टरीणबाईंना मात्र ताकास तूर लागू दिली नाही. त्या आठवड्यात माझं वजन दोन पौंडांनी वाढलं. रागाला भूक फार लागते.

*

मग पारूबाई गेली.

तिची तर सगळीच कामं अर्धी होती. गाय व्यायला झाली होती. थोरलीचं लग्न मार्गशीर्षात काढलेलं. भावकीशी बांधाचं भांडण चालू होतं आणि त्यात आपणच बरोबर हे सिद्ध केल्याशिवाय मी मरत नसते, असं ती रोज सांगायची. दुपारचं जेवण चाललं होतं. तिनं भाकरीचा तुकडा मोडला, माझ्याकडे बघून काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि रक्ताची गुळणी आली. नर्स येईपर्यंत संपलं. ताटातली भाकरी अर्धी होती.

मी दोन दिवस तिच्या मोकळ्या खाटेकडे बघत पडले. गाय, लेक, बांध, कशानंही तिला धरून ठेवलं नाही. कुणी तिला काही विचारायलाही आलं नाही. अर्ध्या कामांत जीव अडकत असता तर पारूबाई शंभर वर्षं जगायला हवी होती. मग मी कसली राखण करत बसले होते? एका बाहीची? 'सुस्वा'ची? ते पुरं झालं तरी मी मरणार नव्हते आणि पडून राहिलं तरी वाचणार नव्हते. माझ्या फुप्फुसाला त्याच्याशी काही कर्तव्य नव्हतं.

डॉक्टरीणबाई जे इतके महिने सांगत होत्या ते मला असं कळलं. पारूबाईच्या मोबदल्यात कळायला नको होतं.

खाटेखाली साठलेल्या सगळ्या वस्तूंपैकी स्वेटर मी वॉर्डाच्या आयाबाईला दिला. एकही टाका मनात उरू दिला नाही. गोधडी आणि तोरण तेवढं ठेवलं, कारण त्यांचा मला पुढे उपयोग करायचा होता.

*

आणि मग एके दिवशी चार वाजता वन्सं स्वतः आल्या. मिरजगावहून मोटारीत धूर खात, आलवणाचा पदर नाकावर धरून. खाटेपासून दोन हात दूर स्टूल ओढून बसल्या. हातात माझी वही होती.

"बरी दिसतेस," त्या म्हणाल्या. सुरात थोडी तक्रार होती.

"अंडी खाते," मी म्हणाले.

त्यांनी डोळे मिटून घेतले. मग वही मांडीवर ठेवली. "हे एवढंच राहिलंय. बाकी सगळं झालं. मला वाचता येत नाही, लिहिता येत नाही. तू सांग शेवटी काय घालायचं, मी कुणाकडून तरी लिहून घेते."

"एवढी घाई का, वन्सं?"

"घाई कसली? तुझ्या जिवाला घोर नको."

"श्रीगोंद्याच्या मुलीचं वय काय?"

वन्संनी मांडीवरची वही सरळ केली. पण त्या खोटं बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या, एवढं त्यांचं कबूल केलं पाहिजे. "सोळा," त्या म्हणाल्या. "घर बुडायला नको. तू माझ्या जागी असतीस तर तूही हेच केलं असतंस. मी तुझं वाईट चिंतलं नाही कधी. तुला जाताना त्रास होऊ नये म्हणून डोळे फोडून शिवलंय मी. माझा नवरा गेला तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं काय राहिलंय म्हणून. बांगड्या फोडल्या आणि कोपऱ्यात बसवलं."

हे सगळं खरं होतं. ते खरं होतं म्हणूनच मला जास्त संताप आला. स्वतःला कुणी विचारलं नाही म्हणून मला जिवंतपणी विचारायचं, हा कुठला न्याय?

"वही द्या इकडे," मी म्हणाले. "आणि नर्सची पेन्सिल आणा. तिथे टेबलावर आहे."

पेन्सिलीला सहा महिन्यांनी हात लावत होते. तेविसाव्या धड्यात सगुणा नावाची मुलगी विहिरीवर गेली होती. तिने पोहरा आत सोडला आणि... असं वाक्य 'आणि'वर थांबलेलं होतं. चार महिने मी त्या सगुणेला विहिरीवरून हलवण्याचा प्रयत्न करत होते. मी 'आणि'च्या खाली रेघ मारली आणि मोठ्या अक्षरात लिहिलं: समाप्त.

"काय लिहिलंस?" वन्संनी विचारलं.

"संपलं म्हणून लिहिलं. घ्या. बारावं कामही झालं. आता माझं काहीसुद्धा राहिलेलं नाही. ना बाही, ना गोधडी, ना पुस्तक. आता मी मरते का बघत बसा."

वन्सं त्या शब्दाकडे बघत राहिल्या. वाचता येत नव्हतं, पण काहीतरी आपल्या हातून निसटलं हे त्यांना कळलं असावं. स्टुलावरून उठताना त्यांचा तोल गेला. मी हात पुढे केला नाही. माझा हात लागलेला त्यांना चालला नसता, आणि मलाही द्यायचा नव्हता.

त्या दिवशी मला ताप आला नाही. त्यानंतरही क्वचितच आला.

*

चौदा महिन्यांनी घरी परतले. श्रीगोंद्याची मंडळी वाट बघून कंटाळली होती. त्या मुलीचं लग्न पुढच्याच वैशाखात दुसरीकडे ठरलं होतं. हे मोटारीच्या थांब्यावर न्यायला आले होते. टोपी काढत होते, घालत होते. "मी नाही म्हणणारच होतो," म्हणाले. मी म्हणाले, "चला, ऊन आहे."

ठरवलेल्या शिक्षा बहुतेक विसरले होते. किल्ल्या वन्संनी आपण होऊन पुढे केल्या, त्यामुळे त्याही घ्याव्याशा वाटल्या नाहीत. ट्रंक तेवढी उघडली. चिंध्या, दोऱ्याची रिळं, मण्यांच्या पुड्या, वह्यांची कोरी पानं, सगळं अंगणात ओतलं आणि ज्या मुलीला जे हवं ते न्यायला सांगितलं. मिरजगावच्या मुली एका दुपारी मला स्वच्छ करून गेल्या. वहीसुद्धा दिली. शाळेत माझ्या जागी आलेल्या बाई ती वापरतात, असं कानावर येतं. 'आणि'नंतर काय झालं ते मुली आपापल्या मनानं सांगतात म्हणे.

गोधडी आणि तोरण मात्र मी घडी करून वन्संच्या पुढ्यात ठेवलं. "श्रीगोंद्याच्या मुलीच्या रुखवतात द्यायचं आहे. तुम्ही स्वतः नेऊन द्या."

तेव्हा मी पहिल्यांदा वन्संचा चेहरा पडलेला पाहिला. त्यांनी गोधडीवरून हात फिरवला. जन्मभर आलवण नेसलेल्या बाईनं हिरव्या, जांभळ्या, पिवळ्या खणाच्या तुकड्यांवर दिवसचे दिवस टाके घातले होते. ती गोधडी त्यांना जिवापाड आवडली होती. ते मी दवाखान्यात टाके बघतानाच ओळखलं होतं. "ठेवू या ना गं घरात," त्या म्हणाल्या. मी म्हणाले, "तिच्यासाठीच शिवली होतीत ना?"

त्या बैलगाडीत बसून देऊन आल्या. मला अजून त्याचं वाईट वाटत नाही.

*

हे सगळं होऊन चार वर्षं झाली. माझी छाती साफ आहे. मी नवीन काही सुरू केलेलं नाही, आणि आजाऱ्यांना माझं तेवढंच सांगणं आहे: उशापायथ्याशी जे अर्धं पडलंय ते कुणालाही द्या, चुलीत घाला, नाहीतर त्याच्याखाली समाप्त लिहा. कुणी प्रेमानं पुरं करून देतो म्हणालं तर आधी त्याचा चेहरा नीट बघून घ्या.

वन्सं दिवाळीपासून अंथरुणावर आहेत. अंगावर सूज, श्वास पुरत नाही. वैद्यांनी दिवाळीतच हात टेकले होते. त्यांचं सगळं मीच करते, माझ्या हातानं, ताट वेगळं न मांडता. आपल्या हातून जे झालं त्यावरचा माझा राग सुटल्याशिवाय आपला जीव जायचा नाही, असं त्यांनी घेतलं आहे. रोज सकाळी पेज संपली की विचारतात, "सोडलास का गं माझ्यावरचा राग?" मी नाही म्हणते. शेजारणी मला नावं ठेवतात. परवा ह्यांनी हात जोडले. "एकदा सोडला म्हण. तोंडानं म्हणायला काय जातं? सुटतील बिचाऱ्या."

कशात कुणाचा जीव अडकत नाही हे मला पारूबाईनं शिकवलं. वन्संना ते ठाऊक नाही, आणि मी सांगणार नाही. ज्या रागावर मी चौदा महिने जगले तो अजून माझा पुरा झालेला नाही. त्यासाठी मला वन्सं लागतात. त्यांना पेज नको असते, पण उद्या मला विचारायचं असतं म्हणून घोट घोट घेतात. वैद्य परवा नाडी बघून म्हणाले, हे माझ्या शास्त्रात बसत नाही.

आज सकाळी त्यांनी वाटी रिकामी केली आणि पुन्हा विचारलं. मी त्यांचं तोंड पुसलं, उशी सारखी केली आणि म्हणाले, "अजून नाही, वन्सं. उद्या विचारा."